जर्मनीत पीएचडी, विषय लॉ + बायोलॉजी + फिलॉसॉफी: युनिव्हर्सिटी नंतर, आधी फॅकल्टी ठरव

ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरेच करते. तुझा प्रश्न थोडक्यात असा की बीएस्सी बायोटेक, मग तीन वर्षांचं एलएलबी, आता एलएलएम संपत आलंय, स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) पेटंटवर जर्मनीत पीएचडी करायचीय, विषयात कायदा पण आहे, विज्ञान पण आहे, नीतिशास्त्र पण आहे, तर कोणती युनिव्हर्सिटी बघू.

युनिव्हर्सिटी नको बघूस. फॅकल्टी, म्हणजे विद्याशाखा, बघ. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली, मेडिसिनच्या इतिहासात पीएचडी केली, आणि हे एवढं एक वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

इथे डॉक्टरेट युनिव्हर्सिटीच्या नावाने मिळते पण देते ती एक फॅकल्टी. प्रत्येक फॅकल्टीची स्वतःची नियमावली असते, प्रोमोत्सिओन्सऑर्डनुंग म्हणतात, आणि कोणाला प्रवेश, थेसिस कुठल्या भाषेत, परीक्षक कोण, शेवटी तोंडी परीक्षा कशी, सगळं त्यात. वेबसाइटवर इंटरडिसिप्लिनरी शब्द सगळेच लिहितात रे, त्याने काही होत नाही, पदवी शेवटी एकाच खिडकीतून मिळते.

माझं काय झालं ते सांगते. माझ्या पहिल्या गाइडने (इथे डॉक्टरफाटर म्हणतात, बाई असेल तर डॉक्टरमुटर) हौसेने विषय घेतला, दुसरा परीक्षक मेडिकल फॅकल्टीतला घेऊ म्हणाले, मी पण खूश. दीड वर्षाने औपचारिक अर्ज घेऊन डीनच्या ऑफिसात गेले तर तिथल्या बाईंनी नियमावली काढली, एका परिच्छेदाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि पान माझ्याकडे फिरवलं. दोन्ही परीक्षक याच फॅकल्टीचे हवेत. त्यांनी आवाज पण चढवला नाही, वाईट पण वागल्या नाहीत, रेघ मारून चष्मा खाली ठेवला बस. मग विषय कापा, नाहीतर जागा बदला. मी जागा बदलली.

आता तुझ्या केसमध्ये तीन दारं कशी दिसतात ते बघ.

सायन्सचं दार तुला जवळजवळ बंद आहे. बीएस्सीनंतर मास्टर्स सायन्समध्ये नाही, त्यामुळे तिथे डोकं आपटू नकोस. पण ती मंडळी काम कशी करतात ते माहीत असू दे, कारण त्यांच्याशीच बोलायचंय तुला. तिथे पीएचडी म्हणजे ग्रुपमधली नोकरी, इंग्रजीत सगळं चालतं, तीन पेपर छापून आले की ते एकत्र बांधून थेसिस म्हणून चालवायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. लॉवाल्याला हे सांगून बघ, चेहरा बघण्यासारखा होतो. त्याच्यासाठी थेसिस म्हणजे चारशे पानी पुस्तक आणि निम्मं पान तळटीपा.

लॉचं दार उघडं आहे पण उंबरठा उंच. इथली मुलं स्टेट एक्झाम (लॉची सरकारी परीक्षा) देऊन येतात, मार्क १८ पैकी, पास व्हायला ४ लागतात, आणि डॉक्टरेटसाठी बहुतेक फॅकल्ट्या ९ मागतात. ९ म्हणजे निम्मे ना, असं वाटतं, पण इथे ९ मिळाले की घरी पार्टी होते. परदेशी वकिलाला ही परीक्षा नसते त्यामुळे बऱ्याच ठिकाणी अट अशी की आधी इथला एलएलएम चांगल्या ग्रेडने कर. म्हणजे तुझं दुसरं एलएलएम. कंटाळा येईल हे ऐकून, माहितीय, पण त्या एका वर्षात भाषा होते, प्रोफेसर लोक तुला ओळखायला लागतात आणि त्यांच्या सेमिनारमध्ये पेपर लिहून तू काय चीज आहेस ते दाखवता येतं. बाहेरून पाठवलेल्या चाळीस ईमेलपेक्षा एक सेमिनार पेपर भारी. थेसिस इंग्रजीत लिहायची परवानगी मिळते पण ती मागावी लागते, आणि मूळ निकाल, टीकाग्रंथ, सगळं जर्मनमध्ये वाचायचंय हे विसरू नको.

तिसरं दार फिलॉसॉफीचं, म्हणजे नीतिशास्त्र किंवा विज्ञानाचा इतिहास. एलएलएमवर घेतील पण काही कोर्स करायला लावतील, आणि मग तुझी पदवी डॉ. फिल. (फिलॉसॉफीची), डॉ. यूर. (कायद्याची) नाही. उद्या लॉ शिकवायचं असेल तर हा फरक पडतो, नुसतं रिसर्च करायचं असेल तर इतका नाही.

माझं मत विचारशील तर लॉच. कारण तुझा विषय. तू ब्र्यूस्टलेची केस वाचली असशीलच, वाचली नसशील तर आजच वाच. ओलिव्हर ब्र्यूस्टले हे बॉनचे न्यूरोबायोलॉजिस्ट, त्यांचं भ्रूणाच्या स्टेम सेलवरचं पेटंट, ग्रीनपीसने आव्हान दिलं, कार्ल्सरुहच्या कोर्टाने (अशा केसेसचं जर्मनीतलं सर्वोच्च कोर्ट) प्रश्न युरोपियन युनियनच्या कोर्टाकडे पाठवला आणि २०११ मध्ये निकाल आला की ज्याच्यासाठी मानवी भ्रूण आधी नष्ट करावा लागतो त्याला पेटंट नाही. २०१२ मध्ये कार्ल्सरुहने पेटंट मर्यादित स्वरूपात ठेवलं. इथपर्यंत वकिलाची गोष्ट. पण २०१४ मध्ये त्याच युरोपियन कोर्टापुढे दुसरी केस आली, फलन न झालेलं बीजांड, नुसतं उत्तेजित करून विभाजन सुरू केलेलं, आणि कोर्ट म्हणालं की त्याच्यात माणूस बनण्याची उपजत क्षमताच नसेल तर तो भ्रूण नाही. म्हणजे प्रयोगशाळेतल्या एका माहितीवर कायद्यातल्या शब्दाचा अर्थ हलला! तुझी थेसिस इथेच बसलीय, या सांध्यावर. आणि माझ्यासारखी इतिहासवाली विचारेल की जर्मनीचा भ्रूण संरक्षण कायदा १९९० चा, तो इतका कडक का, आणि २००२ च्या स्टेम सेल कायद्यात आयात चालते पण ठरावीक तारखेआधी बनवलेल्या सेलच, ती तारीख आधी १ जानेवारी २००२ होती मग २००८ मध्ये सरकवून १ मे २००७ केली, तर नैतिकतेला तारीख कशी काय असते? एकच विषय, पण तिघांचे प्रश्न तीन. तुला तिन्ही वाचायचेत, उत्तर मात्र एकाच्या पद्धतीने द्यायचंय, आणि परीक्षकाला हे पहिल्या वीस पानांत दिसलं पाहिजे.

जागा म्हणशील तर म्युनिक. युरोपियन पेटंट ऑफिस तिथे, जर्मनीचं पेटंट कोर्ट तिथे, आणि इनोव्हेशन व कॉम्पिटिशनचं माक्स प्लांक इन्स्टिट्यूट पण तिथेच. फक्त एक गोष्ट, माक्स प्लांक स्वतः पदवी देत नाही, पदवी युनिव्हर्सिटीचीच. पैसे आणि टेबल एका ठिकाणी, नियम दुसऱ्या ठिकाणचे. हे न कळून लोक फसतात. बर्लिनला माक्स प्लांकचंच विज्ञानाच्या इतिहासाचं इन्स्टिट्यूट आहे आणि बीलेफेल्डला झिफ म्हणून १९६८ पासूनचं इंटरडिसिप्लिनरी सेंटर, तिथल्या वर्कशॉपना नंतर जरूर जा.

पैशाचं. पगार आणि स्टायपेंड यातला फरक नीट समजून घे, आपल्याकडे आपण दोन्हीला स्कॉलरशिपच म्हणतो. पगार म्हणजे सरकारी श्रेणी ई १३ चा काही टक्के भाग, ५०, ६५, ७५ असा. लॉ आणि ह्युमॅनिटीजमध्ये ५० बरेचदा दिसतं, आणि ५० टक्के पगारात काम ५० टक्केच असेल असं समजू नकोस. पण त्यात आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा सगळं येतं. स्टायपेंडमध्ये वेळ पूर्ण तुझा, पण पेन्शन नाही, बेकारी विमा नाही, आणि आरोग्य विम्याची व्यवस्था बरेचदा स्वतः करायची (डीएएडी या जर्मन संस्थेची स्कॉलरशिप असेल तर ते बघतात). सरकारी युनिव्हर्सिटीत पीएचडीला फी नसते, सेमिस्टरचं वर्गणीसारखं काहीतरी भरायचं. मात्र एलएलएमला फी असू शकते, आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, पीएचडीवाले सुटतात. एलएलएमला येणार असशील तर स्टुडंट व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट (तुझी शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) लागेल, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना सक्तीचं केलंय. त्याला वेळ लागतो, आधीच अर्ज टाक.

पुढचं पण ऐकून ठेव. युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांच्या कंत्राटी नोकरीची इथे कायद्याने मर्यादा आहे, पीएचडीआधी सहा वर्षं, नंतर सहा (मेडिसिनला नऊ), तोवर कायम जागा मिळाली तर ठीक नाहीतर सहसा बाहेर. २०२१ मध्ये यावरून ट्विटरवर 'मी हाना आहे' म्हणून मोठा गदारोळ झाला होता (हाना ही मंत्रालयाच्या एका व्हिडिओतली काल्पनिक संशोधक). मी आता लायब्ररीत कायम नोकरीला आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, पण सगळेच प्रोफेसर होतात असं मनात धरून येऊ नको.

थेसिस सादर करून, तोंडी परीक्षा होऊन, लोकांनी टेबलावर बोटांची पेरं ठकठक वाजवून (टाळ्या नाहीत वाजवत) अभिनंदन केलं तरी तू डॉक्टर नसतोस. थेसिस छापली की मग नावापुढे डॉ. लावायचं. लॉवाले बहुतेक पुस्तक काढतात आणि प्रकाशकाला पैसे आपणच देतो, त्याचे पैसे बाजूला ठेव. आणि तळटीपा. २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची बायरॉइटची लॉची डॉक्टरेट काढून घेतली, उचललेला मजकूर निघाला म्हणून, मंत्रिपद पण गेलं. तेव्हापासून सगळे जास्तच सावध आहेत. पहिल्या दिवसापासून कुठलं वाक्य कुठून आलं ते लिहून ठेवायची सवय लाव, तीन वर्षांनी आठवत नाही.

आता लगेच काय करायचं तर तीन-चार लॉ फॅकल्ट्यांच्या नियमावल्या उतरवून घे, भाषांतर यंत्रातून काढून का होईना पण वाच. प्रवेशाची अट, भाषा आणि परीक्षक, हे तीन परिच्छेद शोध. मग आठ-दहा पानी एक्स्पोझे (संशोधनाचा आराखडा) लिही, मगच प्रोफेसरला ईमेल. ईमेलमध्ये त्यांचा एखादा लेख वाचून त्यातलं काय पटलं नाही ते दोन ओळीत लिहिलंस तर उत्तर यायची शक्यता खूप वाढते, 'आपल्या थोर मार्गदर्शनाखाली' वगैरे लिहिलंस तर कचऱ्यात. जर्मन ए-वन (भाषेची पहिली पायरी) आत्ताच सुरू कर, एलएलएम संपायची वाट नको बघूस.

एक्स्पोझेचं पहिलं पान झालं की मला पाठव. पूर्ण नको, पहिलंच पान. प्रश्न एका वाक्यात आलाय की नाही तेवढं बघून सांगते.