लेझर प्रिंटरच्या पानावर डाग दिसला की आधी मोजपट्टी घ्या
लगेच नवं कार्ट्रिज आणू नका. एकाच पानावर तोच ठिपका खाली खाली पुन्हा उमटतोय? मग दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. ते अंतर म्हणजे खराब झालेल्या रोलरचा घेर. ड्रम म्हणजे ज्यावर मजकूर आधी उमटतो तो चकचकीत रोलर. २४ मिमी व्यासाच्या ड्रमला ते साधारण ७५ मिमी भरतं, ३० मिमीच्या ड्रमला ९४. ड्रम तपासताना त्याच्या चकचकीत भागाला बोट लावू नका, उजेडातही फार वेळ ठेवू नका. तो कायमचा बिघडतो.

अक्षरं बोटानं पुसली जात असतील तर टोनर (शाईची भुकटी) कागदावर नीट वितळत नाहीये, म्हणजे संशय फ्यूजरवर, टोनर तापवून कागदाला चिकटवणाऱ्या भागावर. पण आधी सेटिंगमध्ये कागद ‘जाड’ निवडून बघा, कधीकधी तेवढंच पुरतं. फिकट उभा पट्टा आला तर कार्ट्रिज आडवं धरून हलकेच पाच-सहा वेळा हलवा. सांडलेला टोनर कोरड्या फडक्यानं टिपा, गरम पाणी नको.