आयुष्यभर एकाच कॉलेजात टेनिस कोच राहणं, याला करिअर म्हणायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुतण्या टेनिसच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकला, आता चांगली ऑफर सोडून तिथल्याच एका कॉलेजात असिस्टंट कोच म्हणून लागतोय, आणि घरात "एवढं शिकून पीटीचा मास्तर होणार का?" असं चाललंय. तुम्ही विचारलंय की मुलं चार वर्षांत निघून जातात, मग तीस-चाळीस वर्षं एकाच कॉलेजात राहणारा कोच नक्की करतो तरी काय.

मी पुण्यात विद्यापीठाकडून टेनिस खेळलोय, त्याला आता तीसेक वर्षं झाली. आमच्या कॉलेजात टेनिसचा कोच नव्हता. जिमखान्याचे सर होते. खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. टेनिसवाल्यांना त्यांच्याकडून दोन गोष्टी मिळायच्या: वर्षाला बॉलचा एक डबा, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फॉर्मवर सही-शिक्का. खेळ शिकवला तो क्लबातल्या मार्करने. पहाटे कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा नीट करायच्या, आणि मग मेंबर लोकांशी तासन् तास रॅली करायची, हे त्याचं काम. माझा बॅकहँड जो काही आहे तो त्याचा. त्यामुळे "कॉलेजचा कोच" म्हटल्यावर तुमच्या घरच्यांच्या डोळ्यांसमोर कोण येतं, ते मला बरोबर कळतं. त्यांचं चुकलेलं नाही, त्यांनी पाहिलेला कोच वेगळा आहे.

तिकडचा कोच काय करतो ते एका माणसावरून सांगतो. डिक गूल्ड. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुरुष टेनिस संघाचा कोच, १९६६ ते २००४. स्वतः स्टॅनफर्डचाच विद्यार्थी, तिथल्याच टीमकडून खेळलेला. नंतर जवळच्याच फूटहिल कॉलेजात कोचिंग केलं आणि तिथून परत आपल्या कॉलेजात आला. एनसीएए, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था, तिची १७ सांघिक विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. संघ-विरुद्ध-संघ लढतींत ७७६ विजय आणि १४८ पराभव.

हे आकडे कुठेही सापडतील. मला जास्त भावतात ती सुरुवातीची सात वर्षं. तो आला तेव्हा कॉलेज टेनिस म्हणजे लॉस एंजेलिस, असं समीकरण होतं. १९६० ते १९७१ अशी सलग बारा वर्षं विजेतेपद त्या एका शहराबाहेर गेलं नाही. कधी यूसीएलए, कधी यूएससी, ही तिथली दोन विद्यापीठं. यूएससीला जॉर्ज टोली नावाचा कोच होता, तोही वर्षानुवर्षं तिथेच मुरलेला. पुढे विम्बल्डन जिंकणारे खेळाडूही तिकडचेच: आर्थर अ‍ॅश आणि जिमी कॉनर्स यूसीएलएचे, स्टॅन स्मिथ यूएससीचा. अशा वेळी अठरा वर्षांच्या चांगल्या खेळाडूला "तू तिकडे जाऊ नकोस, आमच्याकडे ये" असं पटवायचं. दाखवायला हातात एकही करंडक नाही. वर स्टॅनफर्डच्या प्रवेशाची अट आहेच. नुसता फोरहँड बघून कोणी आत घेत नाही.

गूल्डने रॉस्को टॅनर आणला, तो थेट टेनेसीहून. पाठोपाठ सँडी मेयर. १९७२ ला या दोघांनी एनसीएए दुहेरी जिंकली, पण टॅनर होता तोवर सांघिक करंडक आला नाही. आला तो १९७३ ला, कोच म्हणून सात वर्षं काढल्यावर. सात वर्षं "पुढच्या वर्षी नक्की" म्हणणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणत्या संस्थाचालकांनी ठेवलं असतं, असा एक खवचट प्रश्न मला नेहमी पडतो.

आणि मग १९७४, ७७, ७८, ८०, ८१, ८३, ८६, ८८, ८९, ९०, ९२, ९५ ते ९८ सलग, आणि २०००.

ही वर्षं एकदा कागदावर लिहून काढा आणि मधली अंतरं बघा. १९७३ ते २००० या काळात विजेतेपदाशिवाय सलग तीन वर्षं कधीच गेलेली नाहीत. जास्तीत जास्त दोन. म्हणजे या काळात जो मुलगा चारही वर्षं गूल्डच्या टीममध्ये राहिला, तो किमान एका विजेत्या संघाचा भाग होऊनच बाहेर पडला. मध्ये नियमही बदलले. १९७६ पर्यंत वैयक्तिक स्पर्धेतले पॉइंट जोडून सांघिक विजेता ठरायचा, १९७७ पासून संघाविरुद्ध संघ अशी वेगळी स्पर्धा सुरू झाली. जुन्या पद्धतीत दोनदा जिंकलेला माणूस नव्या पद्धतीची पहिली दोन्ही वर्षंही जिंकला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मुलं चार वर्षांत जातात हे खरंच, आणि त्यातच या कामाची गोम आहे. प्रो खेळाडूचा कोच एका माणसाला दहा वर्षं घासतो. कॉलेजचा कोच दरवर्षी आपले सगळ्यात तयार गडी निरोप देऊन घालवतो आणि नव्यांपासून परत मांडणी करतो. जॉन मॅकेन्रोचंच घ्या. १९७७ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा हा पोरगा क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी, खेळून विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि त्याच शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या वर्गात येऊन बसला. १९७८ ला त्याने एनसीएए एकेरी जिंकली, संघही जिंकला, आणि तो प्रो झाला. एक वर्ष! मॅकेन्रोला गूल्डने घडवलं असं कोणी म्हणत असेल तर तो गूल्डवर अन्याय आहे, कारण त्याचं खरं काम मॅकेन्रो गेल्यानंतरचं. दोन वर्षांनी, १९८० ला, करंडक परत आलाच.

हे मला कळायला एक मॅच प्रत्यक्ष बघावी लागली. २०१८ च्या वसंतात बहिणीकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, गेलो होतो. तिथल्या एका कॉलेजात तिकीट वगैरे नव्हतं, म्हणून सहज जाऊन बसलो. आधी तीन दुहेरीच्या मॅच एकदम. तीनपैकी दोन ज्याने जिंकल्या त्याला मिळून एकच पॉइंट. मग सहा एकेरी, सहा कोर्टांवर एकाच वेळी, प्रत्येकीला एक पॉइंट. टीमचा सगळ्यात तगडा खेळाडू एक नंबरच्या कोर्टवर, मग उतरत्या क्रमाने सहा नंबरपर्यंत. एकूण सात, चार झाले की लढत संपली. चाळीस-चाळीस झालं की अ‍ॅडव्हांटेज नाही, एकच बॉल, इकडे नाहीतर तिकडे. आणि आरडाओरडा एवढा की आमच्या क्लबातल्या काकांनी उठून सगळ्यांना गप्प केलं असतं.

मी शहाण्यासारखा एक नंबरच्या कोर्टसमोर जागा धरली. तिथे दोन सुरेख पोरं खेळत होती, सर्व्हिस डोळ्याला दिसत नव्हती. पण कोच तिथे फिरकेचना. तो सगळ्यात टोकाच्या, सहा नंबरच्या कोर्टच्या कुंपणाला चिकटून उभा. तिथे एक जाडजूड चष्मेवाला मुलगा होता, सर्व्हिस माझ्यापेक्षा थोडीच बरी, पण बॉल परत करायचा थांबत नव्हता. बाजू बदलायच्या वेळी कोच त्याच्या समोर उकिडवा बसला, टॉवेल हातात दिला, काहीतरी दोन वाक्यं बोलला. (कॉलेज टेनिसमध्ये कोचला मॅच चालू असताना बोलायची मुभा असते.) तीन-तीन झालं होतं. उरलेली एकच मॅच, ती त्या पोराची. त्याने ती काढली, आणि इतर पाच कोर्टांवरचे सगळे धावत येऊन त्याच्यावर पडले. एक नंबरवाला आपली मॅच कधीच हरला होता. तोच सगळ्यात वर होता.

एक नंबरचा पॉइंट आणि सहा नंबरचा पॉइंट सारखाच. एक नंबरचा खेळाडू सगळ्या जगाला दिसतो, त्याच्या मागे सगळीच कॉलेजं असतात. सहा नंबरचा ओळखायला नजर लागते, आणि अभ्यास, सराव, मॅच यात तो तीन-चार वर्षं टिकेल का, हेही ओळखावं लागतं. शिवाय पैसे मोजके. पुरुषांच्या टीमला अगदी आत्तापर्यंत, २०२५ च्या बदलापर्यंत, अख्ख्या टीमसाठी मिळून साडेचार स्कॉलरशिपची मर्यादा होती (मुलींच्या टीमला आठ). साडेचार स्कॉलरशिप आठ-दहा जणांत कशा वाटायच्या, हे घरातल्या वाटण्या केलेल्या माणसालाच कळेल. सीझनमध्ये सरावालाही आठवड्याला वीस तासांची मर्यादा. म्हणजे निवड चुकली तर रगडून भरून काढायचीही सोय नाही.

गूल्डचा शेवटचा बहर पाहिला की हे कळतं. १९९८ चा संघ २८ लढती खेळला आणि २८ जिंकला. ब्रायन जुळे भाऊ त्यात होते. बॉब ब्रायनने त्या वर्षी एकेरी, भाऊ माइकबरोबर दुहेरी आणि सांघिक, तिन्ही जिंकली. एकेरीच्या फायनलला त्याच्यासमोर होता पॉल गोल्डस्टीन, म्हणजे त्याच संघाचा! अशा फायनलला कोच कुठे बसत असेल? मी तर कँटीनमध्ये गेलो असतो. हा गोल्डस्टीन चार वर्षं खेळला आणि चारही वर्षं संघ विजेता ठरला.

आता कोणी म्हणेल, स्टॅनफर्डचं नाव, कॅलिफोर्नियाची हवा, पैसा. तिथे कोणीही जिंकेल. हा आक्षेप अगदीच फेकून देण्यासारखा नाही. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये लॉस एंजेलिसच्या संघांविरुद्ध मॅच भरवून हजारोंनी प्रेक्षक आणणं, देणगीदार धरणं, हे गूल्डलाच जमायचं, पण जमलं ते त्या परिसरात. तरी एक गोष्ट बघा. नाव तेच, हवा तीच, पैसा वाढलेलाच, आणि २००० नंतर २०२५ पर्यंत स्टॅनफर्डच्या पुरुष संघाला विजेतेपद मिळालेलं नाही. गूल्डच्या स्वतःच्या शेवटच्या चार वर्षांतही नाही. जगभरातून पोरं येऊ लागली, इतर कॉलेजं तगडी झाली, हे कारण आहेच.

जगभरातून म्हणजे आपल्याकडूनही. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळला. १९९५ ला त्याने अली हमादेबरोबर एनसीएए दुहेरी जिंकली, आणि त्याच वर्षी सांघिक फायनलला त्याचं विद्यापीठ हरलं ते गूल्डच्या स्टॅनफर्डकडून. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असा लागोपाठ एकेरी विजेता. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. म्हणजे तुमचा पुतण्या ज्या वाटेने गेला ती काही आडवाट नाही.

गूल्ड एकटाच असा होता असंही नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाचा डॅन मगिल पोरवयात त्याच विद्यापीठाची मातीची कोर्टं सांभाळायचा (आमच्या मार्करची आठवण झालीच), पुढे तिथेच खेळांच्या प्रसिद्धीचं काम पाहिलं, टेनिस कोच झाला आणि १९८८ पर्यंत राहिला. त्याला विजेतेपदं दोनच, १९८५ आणि १९८७. पण एनसीएए स्पर्धा वर्षानुवर्षं त्याने आपल्या गावात, जॉर्जियातल्या अथेन्सला भरवली. मॅकेन्रोने १९७८ ची एकेरी जिंकली ती तिथेच. मला विचाराल तर दोघांत मगिल जास्त आवडतो, पण ते जाऊ दे.

घरच्यांना सांगण्याजोगं एक. १९७४ चा एनसीएए एकेरी विजेता जॉन व्हिटलिंगर, गूल्डचाच खेळाडू. तो पुढे बरीच वर्षं गूल्डचा असिस्टंट होता. राष्ट्रीय विजेता माणूस, असिस्टंट! २००४ ला गूल्डची खुर्ची त्याला मिळाली, आणि २०१४ ला त्याच्याकडून ती चार करंडकवाल्या गोल्डस्टीनकडे गेली. गूल्ड स्वतः टेनिसचा संचालक म्हणून २०१८ पर्यंत तिथेच होता. असिस्टंट म्हणजे व्हॅन चालवणं, रॅकेटला गटिंग करणं (म्हणजे तारा भरणं), हॉटेल-विमानाची बुकिंगं, आणि कोणाचा पेपर कधी आहे ते लक्षात ठेवणं. मुख्य कोचची जागा मिळेलच याची हमी कोणी देत नाही, हे पुतण्याला माहीत असणारच; नसेल तर आधी ते बोलून घ्या. व्हिसाचंही.

बाकी त्याला फोन केलात की पगार विचारायच्या आधी हे विचारा, की तुझ्या टीमचा सहा नंबर कोण आहे आणि तुम्ही त्याला कुठून शोधून आणलात. अर्धा तास बोलत बसला, तर फोन स्पीकरवर टाका आणि त्याच्या आईलाही ऐकू द्या.