त्याची सही हलते, म्हणून?

'माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय साथ देत नाहीत, बोलताना अडखळतो, पण डोकं तल्लख. बी.कॉम. झालाय. कॉलेजातला रॅम्प, परीक्षेला लेखनिक, युडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र, नगर परिषदेचा 5 टक्के दिव्यांग निधी, सगळं मी भांडून मिळवलं. त्याची सही फार हलते, बँकेत जुळत नाही म्हणतात, म्हणून त्याच्या नावाची सहीसुद्धा मीच करते. माझ्यानंतर त्याचं कोण, या काळजीनं आता कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करतेय. हे सांगितल्यापासून पंधरा दिवस तो माझ्याशी बोलत नाही. त्याला कसं समजावू?'
– एक आई, सांगली जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रात भांडणं पुष्कळ आहेत आणि सगळी तुम्ही जिंकलेली आहेत. त्याबद्दल पाठ थोपटायला गावात माणसं असतील. मी अडकले ती सहीवर. भाजीत मीठ मीच घालते, अशा सुरात तुम्ही ते लिहून पुढे गेलात.

हेच एखाद्या चुलत्यानं केलं असतं, तर तुम्ही त्याला खोटी सही म्हणाला असता आणि पोलीस ठाणं गाठलं असतं.

सही हलली तर होतं काय? कारकून तोंड वाकडं करतो. करू दे. लिहिता न येणाऱ्या माणसाची नुसती खूणही कायदा सही म्हणून धरतो. सही करणं जमत नसलेल्या आजारी, असमर्थ खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचनाच आहे. पायाचा अंगठा चालतो, ताई. आईनं मुलाच्या नावाची सही ठोकलेली चालत नाही. आणि तुमच्या मुलाला तर सही येते, फक्त ती हलते.

तुम्ही लेखनिकासाठी भांडलात, तर लेखनिकाचं काम तुम्हाला मी काय सांगणार? परीक्षार्थी बोलेल तेवढंच त्यानं लिहायचं. वेळ लागतो म्हणूनच तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. लेखनिकानं मनानं उत्तर लिहिलं, तर त्याला कॉपी म्हणतात. इतकी वर्षं तुम्ही त्याच्या पेपरात तुमची उत्तरं लिहिताय. छान लिहिलीत, मार्कही पडले. पण पेपर त्याचा होता.

आता पालकत्व. ज्याखाली असा पालक नेमतात, तो 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा सेरेब्रल पाल्सीलाही लागू होतो, हे खरं. पण अर्ज आल्यावर पालक नेमणाऱ्या स्थानिक समितीला आधी हेच बघायचं असतं, की या माणसाला पालक लागतो का, आणि लागतच असेल तर नेमका कशासाठी. बी.कॉम. झालेल्या, डोक्यानं तल्लख मुलासाठी तुम्ही तिथं काय कारण सांगणार आहात? सही हलते? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 13 वं कलम काढून वाचा. मालमत्ता बाळगणं, आपल्या पैशांचे व्यवहार आपण बघणं, हा त्याचा इतरांइतकाच हक्क आहे असं त्यात म्हटलंय. रॅम्पही त्याच कायद्यात बसतो. रॅम्प पाहिजे आणि 13 वं कलम नको, असं नाही चालायचं.

माझ्यानंतर त्याचं कोण, हे विचारताय ना? तुमच्यानंतर त्या काउंटरसमोर तोच असणार आहे. तेव्हा त्याची तिथली ती पहिलीच सही असावी?

त्याला काहीही समजावू नका. तो पंधरा दिवस गप्प आहे, कारण बोलून उपयोग नाही हे त्याला कळलंय. पालकत्वाचा अर्ज फाडा, त्याच्या देखत. सोमवारी दोघं बँकेत जा आणि नमुना सही बदलायचा फॉर्म मागा. मागेल तो. लिहायला मदत लागलीच, तर तो सांगेल तेवढंच लिहा. सही त्याची. दहा मिनिटं लागली तर रांग थांबेल, तुमच्या भांडणांच्या वेळी थांबत होतीच की.

आणि काउंटरवरचा माणूस त्याच्याकडे न बघता तुम्हाला विचारेल, 'यांचं नाव काय?' नक्की विचारेल. तेव्हा तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसा.