दहा दिवसांचा आठवडा का टिकला नाही?

प्रश्न : फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाली आणि १८०४ साली तिथे पुन्हा एक सम्राट गादीवर आला. तरीही ही क्रांती यशस्वी झाली असे का मानले जाते? एखादा क्रांतिकारक विचार रुजला, हे ओळखायचे कशावरून?

उत्तर : केवळ गादीवर कोण बसले आहे एवढेच पाहिले, तर ही क्रांती फसली असे म्हणावे लागेल. मला मात्र हा निवाडा लोकांच्या रोजच्या व्यवहारात शोधावासा वाटतो. लोक धान्य कशाने मोजतात आणि कामातून विसावा कधी घेतात, यावरून फार काही कळते. योगायोग असा की, फ्रेंच क्रांतिकारकांनी वजनमापे आणि कालगणना या दोन्ही गोष्टी एकाच दशमान तत्त्वावर नव्याने रचायला घेतल्या. त्यांपैकी मीटर, लिटर आणि ग्रॅम आज जगभर वापरले जातात. दहा दिवसांचा आठवडा मात्र विस्मृतीत गेला.

क्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये एकाच नावाचे माप गावोगावी वेगवेगळ्या आकाराचे असे. धान्य मोजण्याचे माप पुष्कळ ठिकाणी सरंजामदाराच्या ताब्यात असल्यामुळे, शेतकऱ्याकडून धान्य येणे असले की ते मोठ्या मापाने किंवा शीग लावून घ्यायचे आणि देताना तेच माप काठाशी सपाट करून द्यायचे, हा प्रकार शेतकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचा होता. शिगेवरचे ते मूठभर धान्य वर्षानुवर्षे त्यांच्या घासातून जात होते. १७८९ साली राजाने प्रजेच्या तक्रारी लिहून मागवल्या, तेव्हा ठिकठिकाणच्या वह्यांमध्ये सर्वत्र एकच माप असावे ही मागणी पुन्हा पुन्हा आली. म्हणजे मीटरची कल्पना जरी विद्वानांची असली, तरी तिच्यामागची गरज शेताच्या बांधावरून आलेली होती. दलांब्र आणि मेशां या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ पासून काही वर्षे डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर टप्प्याटप्प्याने मोजले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे ठरले होते. पृथ्वीवरूनच माप घेतल्यावर ते कोणा एका सरदाराच्या मालकीचे राहणार नाही, हा विचार मला आजही फार मोठा वाटतो.

कालगणनेची गोष्ट निराळी होती. १७९३ साली स्वीकारलेल्या पंचांगात ३० दिवसांचे १२ महिने होते आणि प्रत्येक महिन्यात दहा दहा दिवसांचे तीन भाग होते. वर्षाअखेरीस ५ दिवस, आणि लीप वर्षी ६ दिवस, वेगळे जोडले जात. महिन्यांना धुके, हिम, उष्मा अशा ऋतुमानावरून नावे दिली होती. दिवसाचे १० तास आणि तासाची १०० मिनिटे करून तशी घड्याळेही तयार झाली. हिशोबाला हे सगळे अतिशय सोयीचे होते. पण त्यामुळे कष्टकऱ्याचा विसाव्याचा दिवस सातऐवजी दहा दिवसांनी येऊ लागला. शिवाय रविवारची प्रार्थना आणि सणवार मोडीत काढणे हा तर या पंचांगाचा उघड हेतूच होता. रविवार बंद करा, अशी मागणी त्या तक्रारींच्या वह्यांमधून आलेली नव्हती. ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्याने मीटर, लिटर आणि ग्रॅम यांच्या व्याख्या ठरवल्या, त्याच कायद्याने दशमान तासांची सक्ती स्थगित केली. पुढे १ जानेवारी १८०६ पासून ते पंचांगही रद्द झाले.

मीटरही एका रात्रीत रुजला नाही, हेही नमूद करायला हवे. १८१२ साली सम्राट नेपोलियनला जुन्या नावांच्या मापांना मुभा द्यावी लागली आणि दशमान मापे सक्तीची व्हायला १८४० साल उजाडले.

लोकांनी न मागता त्यांचा विसाव्याचा दिवस बदलण्याची तीच चूक सोव्हिएत संघानेही १९२९ मध्ये केली. कारखाने अखंड चालावेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आणला, कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक रंग दिला. नवऱ्याचा रंग एक आणि बायकोचा दुसरा असला, तर दोघांना एकत्र सुट्टी मिळत नसे. १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा करून पाहिला आणि १९४० मध्ये पुन्हा सात दिवसांवर यावे लागले.

प्रश्न : मग लोकांची तयारी होईपर्यंत क्रांतिकारक विचारांनी थांबून राहावे काय?

उत्तर : मुळीच नाही. ‘लोकांची तयारी’ असे म्हणताना कोणत्या लोकांना धरले आहे, हे आधी विचारले पाहिजे. क्रांतिकारकांच्या ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे सांगितले, पण फ्रान्सच्या वसाहतींत गुलामगिरी चालूच राहिली. सँ-दोमँग या वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये स्वतः उठाव केला. त्यानंतर ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसने गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने तिला पुन्हा कायद्याचा आधार दिला, तेव्हा त्या लोकांनी त्याच्या सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी तीच वसाहत हैती या नावाने स्वतंत्र राष्ट्र म्हणून घोषित केली. पॅरिसची तयारी होण्याची वाट पाहिली असती, तर त्यांच्या कितीतरी पिढ्या उसाच्या मळ्यांतच संपल्या असत्या.

ओलँप द गूज या लेखिकेने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क असेल, तर तिला भाषणाच्या व्यासपीठावर चढण्याचाही हक्क असला पाहिजे, असे तिने त्यात म्हटले होते. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी गिलोटिनवर तिचा शिरच्छेद झाला. फ्रेंच स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले ते एप्रिल १९४५ मध्ये.