नाव ठेवण्याआधी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून जास्त बोलले नाही. आज सावकाश लिहिते.

तू सांभाळतेस त्या वसतिगृहातली ती अकरावीची पोरगी. जूनमध्ये "ताई, तुम्हीच माझी माय" म्हणणारी. तू दोन दिवस गावी गेलीस, फोन उचलला नाहीस, तर "तुम्हीबी तसल्याच" म्हणून दार आपटून गेली. मग रात्री तू मोबाइलवर वाचत बसलीस आणि तुला 'बॉर्डरलाइन' हा शब्द सापडला, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा व्यक्तिमत्त्व विकार. एकेक लक्षण तिला लागू पडतं म्हणालीस. पडेलच गं. सोळा वर्षांचं लेकरू, पहिल्यांदा गाव सोडून लातूरला आलेलं, नीटच्या टेस्टमागून टेस्ट, झोप पाच तास, बापाने सोयाबीनवर उचल घेऊन फी भरलेली. अशा कुणालाही ती यादी निम्मी लागू पडते.

एक वही कर. नाव न घालता तारीख टाक आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच लिही. "नाटक केलं" असं नको. "मेसमध्ये मैत्रिणीने जागा धरली नाही, ताट तसंच ठेवून उठली, अकरापर्यंत बाथरूममध्ये" असं. वही कुलपात ठेव. महिन्या-दीड महिन्याने वाचशील तेव्हा एकेका भांडणापेक्षा त्यांचा ठेका दिसेल. रूममध्ये, क्लासमध्ये, दिवाळीला घरी गेल्यावरही तेच घडतं का? दहावीतही अशीच होती का, ते तिच्या आईला विचार. लातूरला आल्यावरच सुरू झालं असेल तर आधी नैराश्य, थायरॉइड, कुणी छळतंय का, हे बघावं लागतं. अठराच्या आत डॉक्टरसुद्धा ही लक्षणं किमान वर्षभर टिकून आहेत का ते पाहतात. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान तर अठराच्या आत करतच नाहीत.

पण म्हणून 'वय आहे, निघून जाईल' असंही धरू नकोस. मी धरलं होतं. तुझ्या वयाची असताना मी ज्या वसतिगृहावर होते, तिथे एक पोरगी भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची. आपल्याकडचा मे तुला माहीत आहे, टाकीतलं पाणी सकाळी नऊलाच कढत लागतं. आम्ही सगळ्या तिला नाटकी म्हणायचो. बाह्यांखाली काय होतं ते तिने कॉलेज सोडल्यावर तिच्या आईने मला सांगितलं. "स्वतःला इजा करतेस का गं?" एवढं विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, अशी भीती होती. ती भीती चुकीची आहे. शांतपणे, सरळ विचारल्याने धोका वाढत नाही. तू आजच विचार. हो म्हणाली किंवा मरणाची भाषा निघाली, तर वहीची वाट बघायची नाही. तिला एकटी सोडू नको, त्याच दिवशी दवाखाना गाठ. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नको, तो तुला मोडावा लागेल.

आणि आदळआपट करणारीच तेवढी दिसतात, हे लक्षात ठेव. हसतील या धास्तीने वर्षभर एकही मैत्रीण न केलेली दिसत नाही. एकच पान पाच वेळा उतरवून काढणारी, म्हणून पेपर अर्धा सोडून येणारी, तिला तर आपण 'टापटीप' म्हणून शाबासकी देतो. कोणता ड्रेस घालू हेही आईला फोन करून विचारल्याशिवाय जिचं पाऊल उचलत नाही, ती आपल्याकडे 'शब्दाबाहेर नसलेली गुणी पोर' ठरते. आज्ञाधारक असणं हा आजार नाही. पण त्यापायी तिचं शिक्षण, झोप, माणसं तुटत असतील तर वहीत तिचंही पान हवं.

या पोरीशी वागताना तुझी वेळ ठरव. रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं, ती गोड असो वा चिडलेली. गावी जाणार असशील तर आधी सांग, कधी येणार तेही सांग, आणि त्याच वेळेला ये. अशा लेकरांना लाडापेक्षा हा भरवसा जास्त लागतो.

आईला फोनवर 'व्यक्तिमत्त्व विकार' म्हणू नकोस. तिच्या डोक्यात आधी पोरीचं लग्न येईल, नाहीतर बाहेरचं झालं म्हणून देवऋषाकडे नेतील. "तिला त्रास होतोय, आपण मिळून दाखवू" एवढं पुरे. नाव द्यायचं काम मानसोपचारतज्ज्ञाचं. उपचारात मुख्य भर बोलण्यावर असतो. या विकारासाठी म्हणून वेगळी गोळी नाही. बॉर्डरलाइनवरची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही बोलण्यातून करायची उपचारपद्धती ज्यांनी घडवली त्या मार्शा लिनेहान यांनी 2011 मध्ये जाहीर सांगितलं, की तरुणपणी त्या स्वतः याच यातनेतून गेल्या होत्या. आई ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल तेव्हा तिला हे सांग.

अडीअडचणीला रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात. पोरींनाही हा नंबर पाठ करून दे.

सोमवारी आईला बोलावून घे. सकाळी लवकर केसपेपर काढा, वही सोबत ने. मी दहाला ओपीडीच्या दारात असेन.

तुझी,
मॅडम