पुस्तकं हरवली म्हणून ग्रंथपालाच्या पगारातून वसुली?

प्रश्न : मी एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयात सुमारे 28,000 पुस्तकं आहेत आणि मुलं स्वतः कपाटातून पुस्तकं काढतात. तीन वर्षांनी झालेल्या पडताळणीत 186 पुस्तकं कमी भरली. त्यांचे 74,000 रुपये पगारातून कापू, उरलेले ग्रॅच्युइटीतून वळते करू, असं पत्र संस्थेनं दिलं आहे. मी मे महिन्यात निवृत्त होते आहे. एक विमा एजंट म्हणतात, डॉक्टर घेतात तशी व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी घ्या. घेऊ का?

उत्तर : या कारणासाठी मुळीच घेऊ नका. ही पॉलिसी असते ती तुमच्या कामातल्या चुकीमुळे बाहेरच्या माणसाचं नुकसान झालं आणि त्यानं भरपाई मागितली तर. उदाहरणार्थ, ग्रंथालयानं अख्खं पुस्तक स्कॅन करून मुलांना वाटलं आणि प्रकाशकानं नोटीस पाठवली. तिथेही जाणूनबुजून केलेलं उल्लंघन पॉलिसीत बसेलच असं नाही. तुमच्याकडे पैसे मागते आहे ती तुमचीच संस्था, आणि मागणीचं पत्र पॉलिसीच्या आधीच हातात पडलंय. ते लपवून प्रस्ताव भरलात, तर उद्या खरा दावा आला तरी कंपनी तो नाकारू शकते.

दुसऱ्या एका विम्याबद्दल मात्र सावध राहा. काही संस्था कर्मचाऱ्यांच्या अप्रामाणिकपणापासून संरक्षण म्हणून फिडेलिटी गॅरंटी पॉलिसी घेतात. ती मालकासाठी असते. कंपनी त्याला पैसे देते आणि मग वसुलीसाठी कर्मचाऱ्याकडे वळू शकते. नुसती तूट त्यात सहसा बसत नाही, अपहार दाखवावा लागतो. म्हणून ‘अपहार’ किंवा ‘गैरव्यवहार’ असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर, अगदी ‘पोच’ म्हणूनसुद्धा, ‘आरोप अमान्य’ असं लिहिल्याशिवाय सही करू नका.

आता वसुलीचं. पूर्वीच्या 1936 च्या वेतन कायद्यात होतं तेच तत्त्व आताच्या वेतन संहितेतही आहे : वस्तू जपायला खास तुमच्याकडे सोपवलेली असली पाहिजे, नुकसान थेट तुमच्या हलगर्जीमुळे झालं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. शेकडो मुलं जिथे रोज कपाटं हाताळतात, तिथे ‘ग्रंथपाल तुम्ही, म्हणून पैसे तुम्ही भरा’ एवढ्यानं हलगर्जी सिद्ध होत नाही.

केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 215 बघा. वाचकांना दिलेल्या किंवा वाचनकक्षात वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच हरवणं तो रास्त धरतो, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. खासगी महाविद्यालयाला तो बंधनकारक नाही, पण मापदंड म्हणून भक्कम आहे. तुमची देवघेव आणि वापर मिळून वर्षाला 14,000 असेल, तर तीन वर्षांचे 42,000 आणि रास्त तूट 210. तुमची 186. खरा आकडा देवघेवीच्या नोंदींतून काढा. मात्र हजार रुपयांहून महागड्या पुस्तकांची चौकशी व्हावीच, असं तोच नियम सांगतो. ती यादी आधीच वेगळी करा आणि प्रत्येक पुस्तक शेवटचं कुणाच्या नावावर होतं ते शोधा.

एक कागद मला या सगळ्याहून महत्त्वाचा वाटतो : तुम्ही चार्ज घेतलात तेव्हा पुस्तकं मोजून घेतली होती का? नुसत्या दाखल नोंदवहीवर (आलेल्या पुस्तकांच्या यादीवर) सही झाली असेल, तर आधीच्या काळातली तूटही तुमच्या माथी येत असेल. सीसीटीव्ही बंद आहे, दारावर माणूस नाही, अशी पत्रं प्राचार्यांना दिली असतील तर आवक क्रमांकासह त्यांच्या प्रती आजच काढून ठेवा. निवृत्तीनंतर त्या फाइली हाती लागणं अवघड.

ग्रॅच्युइटीची भीती मात्र सोडा. मालमत्तेच्या नुकसानीपोटी ती रोखता येते ती नुकसान करणाऱ्या हलगर्जीबद्दल किंवा कृत्याबद्दल नोकरीतून काढलं असेल तरच. तुम्ही नियत वयानुसार निवृत्त होताय. देय झाल्यापासून तीस दिवसांत ती मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजासह. न दिल्यास ग्रॅच्युइटीसाठी सरकारनं नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा.

संस्थेच्या पत्राला लेखी उत्तर याच आठवड्यात द्या. जबाबदारी अमान्य असल्याचं, पडताळणीचा पूर्ण अहवाल हवा असल्याचं आणि सुनावणीशिवाय कपात करू नये, हे त्यात स्पष्ट लिहा. ‘भरून टाकते, विषय संपवा’ असं तोंडीही म्हणू नका.