बंद फ्लॅट फोडला, मग ती 'रॉबरी' का नाही?

प्रश्न : ताई, आमच्या शेजारच्या विंगमध्ये बंद फ्लॅटचं कुलूप तोडून दागिने नेले. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे 'रॉबरी झाली, रॉबरी झाली' करतायत, पण माझा आठवीतला मुलगा म्हणतो आई ही रॉबरी नाहीच. वर 'माय मोबाइल वॉज रॉब्ड' पण चूक आहे म्हणे! खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पोराचं दोन्ही बरोबर आहे हो! रॉबरी म्हणायला समोर माणूस लागतो, ज्याला मारलं, अडवलं किंवा 'दे नाहीतर बघ' असं धमकावून वस्तू काढून घेतली. तुमच्याकडे घरात कोणी नव्हतंच, म्हणजे ती बर्गलरी, आपली साधी घरफोडी. आणि बसमध्ये खिशातून पाकीट गेलं, कळलंसुद्धा नाही, तर ती थेफ्ट, म्हणजे नुसती चोरी. गंमत म्हणजे आपल्या पेपरातली पोलिसी मराठी याबाबत एकदम काटेकोर असते, रॉबरीला ते 'जबरी चोरी'च लिहितात, आपण ते वाचतो आणि ग्रुपवर जाऊन सगळ्याला रॉबरी म्हणतो.

आता दरोडा. 'दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद' ही बातमी नीट वाचलीत तर आरोपी बहुतेक वेळा पाच किंवा जास्त असतात, कारण कायद्यात जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली तरच तो दरोडा, चौघे असतील तर जबरी चोरीच. आधी हे भारतीय दंड संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे, पण पाचाचा आकडा तोच. शिवाय दरोड्याची नुसती तयारी केली तरी गुन्हा! इंग्रजीत याला डकॉइटी म्हणतात, तो शब्द आपल्याकडच्या डाका-डकैतवरूनच गेलाय, आणि 'लूट' पण इथूनच गेली, म्हणजे शब्दसुद्धा लुटून नेले म्हणायचं.

मोबाइलचं सोपं आहे. मराठीत आपण माणसाला लुटलं म्हणतो, मोबाइलला लुटलं असं कोणी म्हणतं का? तसंच इंग्रजीत रॉब होतो तो माणूस, बँक, दुकान. वस्तू असेल तर स्टील, म्हणजे चोरणं. म्हणून 'आय वॉज रॉब्ड', पण 'माय मोबाइल वॉज स्टोलन'.

बोलताना मात्र इंग्रजीवाले स्वतःच सैल सोडतात, मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नचा भाव बघून 'डेलाइट रॉबरी' म्हणतात, तिथे कोणी चाकू दाखवलेला नसतो (भाव बघून मला तरी तसंच वाटतं). अंपायरने चुकीचं आउट दिलं की 'वी वेअर रॉब्ड', हेही चालतं.

फक्त तुमचे शेजारी पोलीस ठाण्यात जातील तेव्हा त्यांना रॉबरी-बिबरी म्हणू नका म्हणावं, कुलूप कधी तुटलेलं दिसलं, घर किती दिवस बंद होतं, काय काय गेलं एवढं सांगितलं की पुरे, कलम कुठलं लावायचं ते पोलीस बघतील.